नगरहून विमान पकडायचं तर पुणे, शिर्डी, संभाजीनगर की मुंबई? बरेच महिने सगळीकडून जाऊन आल्यावर

नगरची (कागदोपत्री आता अहिल्यानगर) गंमत अशी की आपल्याकडे प्रवासी विमानतळ नाही, पण चहूबाजूंनी विमानतळच विमानतळ आहेत. शिर्डी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, संभाजीनगर एकशेपंधराच्या आसपास, पुणे एकशेवीस, नाशिकचं ओझर अजून लांब आणि मुंबई अडीचशे. कामामुळे माझं बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली असं सारखं चालू असतं, त्यामुळे हे सगळे पर्याय फिरून फिरून वापरून झालेत, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच की "कुठलं बरं पडतं रे?"

मॅपवर जवळचं ते चांगलं, हा हिशोब इथे चालत नाही, आणि तिकीट स्वस्त ते चांगलं हा तर अजिबातच नाही. मी आता पहिली गोष्ट बघतो ती म्हणजे मला जिथे जायचंय तिथलं त्याच दिवशी दुसरं विमान त्या विमानतळावरून आहे का. कारण फ्लाइट कॅन्सल झाली तर नियमाप्रमाणे कंपनी रिफंड नाहीतर दुसरं विमान देते, बरोबर आहे, पण त्या गावाला दिवसातून एकच विमान असेल तर ते "दुसरं विमान" म्हणजे उद्याचं. आणि उद्या तुमची मीटिंग झालेली असते. हे एका छोट्या विमानतळावर अनुभवलंय, कुठलं ते जाऊ दे, सकाळी दृश्यमानता कमी म्हणून विमान आलंच नाही, काउंटरवरची पोरं बिचारी चांगली बोलत होती पण त्यांच्या हातात काही नव्हतं, शेवटी सगळे टॅक्सी शेअर करून पुण्याकडे सुटले.

म्हणून माझा नियम, जाताना मोठं विमानतळ, येताना जवळचं. जाताना वेळेवर पोचायचं असतं. येताना चार तास उशीर झाला तर घरचे फार तर जेवायला थांबणार नाहीत. रिटर्न तिकीट एकाच विमानतळाचं काढायची सवय असते सगळ्यांना, पण देशातल्या देशात बऱ्याचदा दोन वेगळी तिकिटं काढली तरी फरक पडत नाही, एकदा बघा करून. फक्त स्वतःची गाडी तिकडे लावून जाणार असाल तर हे जमत नाही, उघड आहे.

आता पुणे. लोहगाव नगरकरांसाठी खरं तर सगळ्यात सोयीच्या बाजूला आहे, पुणे शहर ओलांडावंच लागत नाही, नगर रोडने सरळ विमाननगर. पण मधे वाघोली आहे. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर करत तुम्ही मजेत येता आणि वाघोलीत अडकता, आणि तिथे किती वेळ जाईल हे ब्रह्मदेव सांगू शकणार नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतरची फ्लाइट असेल तर मी सरळ दीड तास जास्तीचा धरतो. पहाटेच्या फ्लाइटला मात्र रस्ता एकदम मोकळा. गाडी नको असेल तर एसटी आहेच, राज्यातली पहिली इलेक्ट्रिक शिवाई बस 2022 मध्ये पुणे-नगर मार्गावरच सुरू झाली होती, नगर रोडवर विमाननगरच्या आसपास उतरून रिक्षा केली की झालं, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

नवीन टर्मिनल 14 जुलै 2024 पासून सुरू झालं (उद्घाटन मार्चमध्ये झालं होतं, मग चार महिने नुसतं बघत बसलो) आणि तेव्हापासून आतली परिस्थिती खूप सुधारली. जुन्या टर्मिनलमध्ये सणासुदीला उभं राहायला जागा नसायची. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) चालतं, ते फोनवर घरूनच सेट करून जा, गेटवरची रांग वाचते. बाहेर आल्यावर ॲपवरची कॅब समोर मिळत नाही, एरोमॉलपर्यंत (विमानतळाची पार्किंगची इमारत) जावं लागतं, सामान जास्त असेल तर हे लक्षात ठेवा. आणि मूळ धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे नागरी विमानांना वेळा हव्या तशा मिळत नाहीत, फोटो काढायलाही बंदी आहे, खिडकीतून रील काढणाऱ्यांनी सांभाळून. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ सलग चौदा दिवस बंद होतं ते आठवत असेल. एकच धावपट्टी म्हटल्यावर दुसरा इलाज नसतो.

शिर्डी विमानतळ शिर्डीत नाही, काकडीला आहे, कोपरगाव तालुक्यात. 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झालं. आत शिरल्यापासून गेटपर्यंत जायला पाच-दहा मिनिटं, आई-वडिलांना घेऊन जायला मला हेच आवडतं, चालणं फारसं नाही. पण विमानात शिडीने चढावं लागतं, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, ऐनवेळी नाही. हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली अशी विमानं इथून बघितली आहेत पण वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, गेल्या वेळी होतं म्हणून आताही असेल असं धरू नका. बरीच वर्षं इथे फक्त दिवसाच विमानं उतरायची, रात्रीची सोय 2025 मध्ये सुरू झाली. गर्दी दर्शनाची असल्यामुळे गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा ह्या दिवसांत तिकीट पुण्यापेक्षा महाग झालेलं पाहिलंय, मधल्या मंगळवार-बुधवारी तेच तिकीट निम्म्यावर. आणि नगर-मनमाड रस्ता, त्याबद्दल नगरकरांना मी काय सांगणार. पावसाळ्यात ऐंशी किलोमीटरला पुण्याइतकाच वेळ लागतो, म्हणजे जवळ असल्याचा फायदा गेलाच. बाहेर मिळणाऱ्या टॅक्सी बहुतेक मंदिराकडे जाणाऱ्या, नगरला यायला सहज तयार होत नाहीत, आधीच कुणाला तरी सांगून ठेवलेलं बरं.

संभाजीनगरला रस्ता बरा आहे पण विमानतळ चिकलठाण्याला, जालना रोडवर, म्हणजे आपण वाळूजकडून येणार आणि विमानतळ शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. बीड बायपास धरायचा. दिल्लीचं विमान वेळेला जुळलं तर मी जातो, नाहीतर नाही. नेवासा, शेवगाव, गंगापूर बाजूच्या लोकांना मात्र हेच उत्तम. ओझर नगर शहरातून फार लांब, संगमनेरकरांनी जरूर विचार करावा.

मुंबई फक्त परदेशी जाताना, किंवा पहाटेच्या वेळी बाकी काहीच नसेल तेव्हा. तिथे तिकिटावर टर्मिनल बघाच बघा, टी वन सांताक्रूझला, टी टू सहारला, मधे शहराची ट्रॅफिक. आता अजून एक भर म्हणजे नवी मुंबई. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडायला लागली आणि तिकीट शोधताना नुसतं "मुंबई" टाकलं की दोन्ही येतात, कोड बघायचा, बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. आपण एक्सप्रेसवेने उतरतो त्यामुळे पनवेललाच काम होतं, वाशी खाडीपूल, चेंबूर, सायन सगळं टळतं, माझा तास-सव्वा तास सहज वाचतो. पण कनेक्टिंग करताना एक विमान एनएमआयला उतरणारं आणि पुढचं बीओएमहून सुटणारं असं काही स्वस्तात दिसलं तर घेऊ नका, मधली धावपळ तुमची तुम्हालाच करायची असते.

छोट्या विमानतळांबद्दल अजून एक. उडान योजनेत (छोटी शहरं विमानाने जोडायची केंद्राची योजना) नवीन मार्गाला सरकारी मदत तीन वर्षांचीच असते, त्यानंतर कंपनीला परवडलं तर विमान चालतं नाहीतर बंद. म्हणून "आमच्या गावाला विमान सुरू झालं" ह्या बातमीवर सहा महिन्यांनंतरची लग्नाची तिकिटं ठरवताना जरा दमानं घ्या. कोकणातले ओळखीचे लोक सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ असूनही सरळ गोव्याचं मोपा पकडतात, सावंतवाडी-बांद्याहून ते जवळ आणि विमानं भरपूर.

पुरंदरचं नवीन विमानतळ झालं तर नगरहून दौंड-पाटस मार्गे जाता येईल आणि वाघोली सुटेल. पण तिथे अजून जमिनीचाच प्रश्न चालू आहे, तेव्हा माझी पुढच्या महिन्याची बंगळुरूची तिकिटं जाताना लोहगाव, येताना काकडी अशीच काढलीत.