नाथसागरच्या गाळात बीनबॅग: वापरून झाल्यावरचं मत

नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्ष्यांचे फोटो काढायला येणारे आधी लेन्सचं विचारतात. मी म्हणतो, लेन्स आहे तीच राहू द्या, आधी एक बरी बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची धान्य भरलेली पिशवी, घ्या. माझी छत्रपती संभाजीनगरला कॅमेऱ्याच्या दुकानातून घेतलेली, जाड कॅनव्हासची, दोन कप्प्यांची. रिकामीच मिळते, भरायची आपण.

शेकाट्या, तुतवार, छोटा टिलवा ही काठावरची पक्षीमंडळी पाणी संपतं आणि गाळ सुरू होतो तिथेच चरतात. टिलवा तर जेमतेम चिमणीएवढा. उभ्याने फोटो काढला की त्याची पाठ येते आणि मागे नुसता चिखल. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली की त्याच्या नजरेला नजर भिडते, मागचं पाणी दूर जातं आणि त्याचा मऊ निळा पडदा होतो. माझी निकॉन २००-५०० लेन्स ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २.३ किलोची. ती हातात धरून, कोपरांवर भार देत पालथं पडून राहणं फार वेळ जमत नाही. ट्रायपॉडचे पाय गाळात रुततात. बीनबॅग पसरून बसते आणि लेन्सला कुशीत घेते. पक्षी उडाला तर लेन्स तिच्यावरच सहज फिरवता येते.

भरायला मी ज्वारी वापरतो. घट्ट भरू नका, पाऊण भरा, नाहीतर लेन्स वर घरंगळते. ज्वारी जड असल्यामुळे वाऱ्यातही बॅग हलत नाही. ओल लागली तर मात्र त्याच दिवशी उन्हात पसरायची. खाली खताच्या गोणीचा तुकडा अंथरला की ओल वर येतच नाही.

जानेवारीनंतर पाणी मागे हटतं, गाळपेरीच्या (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या) शेतांखाली उघडा काठ दिसू लागतो, तेव्हा ही बॅग खरी कामाला येते. सोनवाडीच्या बाजूला सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसा. शेकाट्याचे गुलाबी पाय आणि लाल डोळा त्या उन्हात असा काही उजळतो की बघत राहावं. पांढरी छाती फोटोत जळू नये, म्हणजे नुसता पांढरा डाग होऊ नये, म्हणून एक्सपोजर थोडं खाली ठेवा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडी लेन्स असली तरी पीस धारदार येत नाहीत, तेव्हा आवरतं घ्यावं.

एक कळकळीची विनंती. हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. बॅग पुढे ढकलत पक्ष्यांच्या मागे सरपटू नका. शेकाट्या डोकं वरखाली करत किटकिटायला लागला की समजा, आपण फार जवळ आलो. आपण निपचित पडून राहिलो तर तो चरत चरत स्वतःच जवळ येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मार्च-एप्रिलकडे टिलव्यांना हजारो किलोमीटर उत्तरेला जायचंय. त्यांचं खाणं मोडून काढलेला फोटो मला नको.

बॅगेत उणीव एकच, झिपेवर झाकण नाही. गाळ वाळला की झिपेच्या दातांत घट्ट बसतो आणि झिप सरकत नाही. घेतल्या घेतल्या शिंप्याकडून झिपेवर कापडी झाकण आणि वेलक्रो लावून घ्या. पैठणला मला हे साठ रुपयांत करून मिळालं.