दाण्याचे कूट आणि दारावरची तपासणी: सनीवेलमधील एका प्रीस्कूलचा अनुभव

आमची मुलगी गेले चौदा महिने कॅलिफोर्नियातील सनीवेल येथील एका परवानाधारक प्रीस्कूलमध्ये जाते. प्रवेशापूर्वी आम्ही राज्याच्या समाजसेवा विभागाच्या संकेतस्थळावर शाळेच्या तपासणीचे अहवाल वाचले. हे अहवाल कोणालाही पाहता येतात, आणि मुलांना तातडीचा धोका पोहोचवणारी, म्हणजे ‘टाइप ए’ प्रकारची, त्रुटी आढळल्यास शाळेला तो अहवाल 30 दिवस दर्शनी भागात लावावा लागतो. या शाळेच्या नावावर तशी एकही नोंद नव्हती.

नियमाप्रमाणे या वयोगटात 12 मुलांमागे एक शिक्षिका असावी लागते. येथे दहा मुलांमागे एक आहे. दुपारच्या झोपेच्या वेळी मात्र नियमच सैल होतो: बाकीच्या शिक्षिका हाकेच्या अंतरावर असतील, तर झोपलेल्या 24 मुलांजवळ एकच व्यक्ती चालते. ही शाळाही ती सवलत घेते आणि मला ते पटलेले नाही.

रोज सकाळी शिक्षिका दारातच प्रत्येक मुलाचे डोळे, नाक आणि त्वचा पाहते, आणि पालकांनी वेळ लिहून पूर्ण सही केल्यावरच मूल आत जाते. एकदा मुलीचे डोळे लालसर दिसले म्हणून आम्हाला तेथूनच परतावे लागले. कामाचा दिवस बुडाला, पण त्यांचा निर्णय योग्यच होता. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे आले होते.

शाळेवरचा माझा विश्वास खऱ्या अर्थाने बसला तो आषाढी एकादशीला. वर्गातील एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यामुळे तेथे दाणे आणण्यास बंदी आहे, हे मला ठाऊक होते. तरीही मी डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली, कारण कूट हा आपल्या हाताला इतका सवयीचा जिन्नस आहे की दाणे म्हणून तो लक्षातच येत नाही. शिक्षिकेने डबा उघडण्यापूर्वी पदार्थात काय काय आहे ते विचारले, माझे उत्तर ऐकून तो बंद अवस्थेतच मला परत दिला आणि मुलीला शाळेतले जेवण दिले. त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून कूट पडणाऱ्या पदार्थांची यादी मागून घेतली, आणि कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, लाडू अशी ती यादी आता स्वयंपाकघरात लावलेली आहे. द्राक्षेही तेथे उभी चिरून, चार फोडी करूनच वाढतात, कारण अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

तक्रार आहे ती मैदानाबद्दल. चढण्याच्या खेळण्याखाली पडल्यावर मार लागू नये म्हणून लाकडाच्या भुशाचा थर असतो. हिवाळ्यातील पावसानंतर तो काही ठिकाणी इतका विरळ झाला की खालची माती दिसू लागली. मी लेखी कळवूनही नवा थर पडायला पाच आठवडे लागले, आणि त्या काळात ते खेळणे बंद ठेवणे आवश्यक होते. तसे केले गेले नाही.

धाकट्याचे नाव मी याच शाळेत नोंदवले आहे. अर्जासोबत मैदानाविषयीचे पत्रही पुन्हा जोडले आहे.