अहमदाबादची नोकरी, डोंबिवलीचं घर: मेल, वंदे भारत, विमान की बुलेट ट्रेनची वाट?

चुलतभावाला अहमदाबादला नोकरी लागलीय, बायको-पोरगी डोंबिवलीत, आणि मला विचारतो, "दादा, बुलेट ट्रेन येतेयच ना, मग घर कशाला हलवू, दर वीकेंडला येत जाईन." तर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, अशा विचारात बरेच जण असतील.

आधी बुलेट ट्रेन, कारण सगळ्यांच्या डोक्यात तीच. ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, ताशी ३२० चा स्पीड. आणि तो फेमस आकडा, दोन तास सात मिनिटं. आता गंमत बघ, हा आकडा फक्त सुरत आणि वडोदऱ्याला थांबणाऱ्या फास्ट गाडीचा आहे. सगळीकडे थांबणारी गाडी तीन तासांच्या जरा आत पोचणार. ठाण्याचं बुलेट स्टेशन म्हातार्डीला, म्हणजे दिवा-कोपरच्या पट्ट्यात, डोंबिवलीकराच्या अगदी दारात, पण तिथून तुला ही स्लोच मिळणार! फास्ट पाहिजे तर उलटं बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) जा, म्हणजे कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या लायनीत उभा राहा. त्यात वाचलेली पन्नास मिनिटं कधीच गेली, त्यामुळे म्हातार्डीची स्लोच बरी.

पण ती आज नाहीये. भूमिपूजन सप्टेंबर २०१७ ला झालं, आधी २०२२-२३ ची भाषा होती, मग पालघर बाजूची जमीन, मग बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. सुरत-बिलिमोरा पट्टा आधी, २०२७ मध्ये, सुरू करू म्हणतात, मुंबईचा नंबर त्याच्यानंतर. तुझी नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. पोरीची शाळा त्या बोगद्याच्या भरवशावर ठरवणार आहेस का?

विमान थोडक्यात सांगतो. हवेत सव्वा तास, पण डोंबिवलीहून एअरपोर्टला टॅक्सी, चेक-इन, सिक्युरिटी धरून निम्मा दिवस जातो. महिन्यातून एकदा ठीक, दर आठवड्याला खिसा रिकामा.

वंदे भारत मस्त गाडी, साडेपाच तासांच्या आसपास अहमदाबाद. सुरुवातीला, ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हशी धडकून तिचं नाक तुटलं होतं, त्यानंतर रुळांच्या कडेने कुंपण घातलं. बुलेट खांबांवरून जाणार, तिला म्हशीचं टेन्शन नाही. पण वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटते. मी एकदा बोरिवलीला पकडली, त्यासाठी पहाटेच्या लोकलने दादर, मग एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बायकोने दिलेला डबा, पूल चढून वेस्टर्नवर धावत. खालचा चहावाला अजून स्टोव्हला पंप मारत होता. सीटवर बसलो तेव्हा दिवस संपल्यासारखा दमलो होतो. अहमदाबादहून परत यायला दुपारचीही आहे एक, पण तुझं ऑफिस सुटायचं शुक्रवारी संध्याकाळी, त्यामुळे उपयोग कमीच.

म्हणून माझं मत गुजरात मेल. रात्री निघते, उजाडता उजाडता पोचते, दादर-बोरिवलीला चढता-उतरता येतं, झोपही होते आणि हॉटेलचाही खर्च नाही. जुनी गाडी म्हणून लोक नाक मुरडतात, मुरडू देत. कटकट एकच, कन्फर्म तिकीट, बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा मोबाईलवर अलार्म लावून बस.

घर दोन वर्षं तरी डोंबिवलीतच राहू दे. अहमदाबादला खोली कालुपूर (तिथलं मुख्य स्टेशन) नाहीतर साबरमतीच्या बाजूला बघ, मेल कालुपूरला लागते आणि पुढे बुलेटची स्टेशनं पण त्या दोन्ही ठिकाणी आहेत, बदलायला नको. आणि हो, रविवार रात्रीचं परतीचं तिकीट आधी काढ, शुक्रवारचं मिळतं कसंतरी.