थ्रॉटल बॉडी क्लीनर स्प्रे: औषध चांगलं, नळी भिकार

गाडी उभी असताना थरथरते, एसी लावला की आरपीएम पडतो, ब्रेक मारून थांबताना एखाद वेळी इंजिन बंदच होतं. ज्यांना हा ताप झालाय तेच हे वाचत असणार, त्यामुळे थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा चकतीने कमीजास्त करणारा भाग, याहून जास्त समजावत बसत नाही.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०५०६ कोड दाखवला (म्हणजे आयडल, गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, अपेक्षेपेक्षा कमी) आणि सांगून मोकळे झाले की अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. साफ करून बघितली का, असं विचारलं तर उत्तर आलं, "ती साफ करायची नसते." भांडं करपलं की घासायचं नाही, नवीन आणायचं, असा हा हिशेब. पैसे खर्च करायला माझी ना नाही, पण कशासाठी ते कळल्याशिवाय माझा हात खिशात जात नाही. गाडी घेऊन परत आलो.

गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा साधा ओबीडी अडॅप्टर घरात होताच. इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम (संगणक ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती वाढ-घट करतोय तो आकडा) पाहिलं, शून्याच्या आसपास. इनटेकचा पाईप चिरला असता किंवा मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलमागून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाच्या) गास्केटमधून चोरटी हवा आत जात असती, तर आयडलला हा आकडा चांगलाच वर चढला असता आणि २५०० आरपीएमला रेस धरली की पुन्हा खाली आला असता. तसं काहीच नव्हतं. मिसफायरचा कोडही नव्हता, म्हणून प्लग-कॉइलच्या नादी लागलो नाही. खटकत होता तो एकच आकडा: आयडलला थ्रॉटल जरा जास्तच उघडलेलं दिसत होतं.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं, फिल्टरकडून येणारा रबरी पाईप क्लॅम्प ढिला करून ओढला, कपलर आणि बोल्ट काढून थ्रॉटल बॉडी हातात घेतली. समोरून चकती चकचकीत दिसते. खरी मजा मागच्या बाजूला. चकतीची कड जिथे बोअरला, म्हणजे हवेच्या भोकाच्या भिंतीला, टेकते तिथे काळपट तपकिरी कडं जमलं होतं. नखाने खरवडलं तर त्याची भुकटी होत नव्हती, चिवट पापुद्रा निघत होता. तेलाच्या वाफेत कार्बन मिसळून वाळला की हे असं होतं. आयडलला चकती जेमतेम उघडी असते आणि इंजिनाची जवळजवळ सगळी हवा त्या बारीक फटीतून जाते, म्हणून एवढासा थरही पुरतो. ७००-८०० आरपीएम टिकवायला ईसीयू (इंजिनाचा संगणक) चकती थोडी थोडी जास्त उघडत राहतो, आणि त्याला मुभा आहे तेवढं उघडून झालं की गाडी थरथरायला लागते.

स्प्रेने काम मात्र झकास केलं. कापडावर मारायचा, कडेवर क्षणभर टेकवायचा आणि पुसायचं. पहिल्याच फेरीत कापड चहाच्या रंगाचं झालं, कडं सुटून आलं. चकतीला जोर लावून ढकलू नका, आतले गिअर बऱ्याचदा प्लॅस्टिकचे असतात. काही थ्रॉटल बॉडींच्या बोअरला मुळातच काळसर कोटिंग असतं, ते कार्बन समजून घासलं तर फट वाढते आणि नवीच डोकेदुखी सुरू होते. सर्व्हिस सेंटरचं "साफ करायची नसते" एवढ्यापुरतं खरं. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा.

जोडून गाडी चालू केली तर रेस थेट बाराशेच्या वर. घाबरायचं कारण नाही. ईसीयूच्या डोक्यात अजून जुनी, तुंबलेली फट बसलेली असते, म्हणून तो चकती गरजेपेक्षा जास्त उघडतो. काही गाड्या चालवता चालवता हे नव्याने शिकतात, काहींना स्कॅनरवरून आयडल रीलर्न द्यावं लागतं. माझी आपोआप जागेवर आली. एसी लावला तरी काटा हलेना.

आता नळी. डब्याच्या अंगाला टेपने चिकटवलेली ती लाल काडी. बटणाच्या भोकात ती धड बसतच नाही. जरा दाब दिला की सुटते आणि फवारा मनगटावर, बाहीवर, डोळ्यांच्या दिशेने. चष्मा आणि हातमोजे घाला, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, नळी सुटेल हे कुठेच नाही. टेप गुंडाळून घट्ट केली, तर त्या टेपचा गोंदच या द्रावणात विरघळतो! हा माल करणाऱ्यांपैकी एकाने तरी स्वतः वापरून पाहिलाय का, अशी शंका येते. डब्यावर तर इंजिन चालू ठेवून थेट थ्रॉटलमध्ये फवारायला सांगितलंय. म्हणजे इंजिन हवा आत खेचतंय, समोर ही सुटणारी काडी, आणि चकतीच्या पलीकडे वाट थेट व्हॉल्व्हकडे. मी त्या वाटेला गेलोच नाही. बॉडी काढून मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबूनच काम केलं, आणि सगळ्यांनी तसंच करावं. ते कापड काढायचं लक्षात ठेवा, एवढंच. मॅफ सेन्सरची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) तार या स्प्रेने धुऊ नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

तेव्हा लिहिलं असतं तर नळीला शिव्या घालूनही चार तारे दिले असते. पण काही महिन्यांत थरथर हळूहळू परत आली. उघडून पाहिलं तर कड पुन्हा काळी. एवढ्या लवकर घाण का, हा प्रश्न सोडवायचा सोडून दर वेळी डबा विकत घ्यायचा का? या वेळी रबरी पाईपच्या आत बोट फिरवलं, तर बोट तेलाने माखलं. तिथून सुगावा लागला. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये जायला हवी. तो व्हॉल्व्ह चिकटला की वाफ ब्रीदर पाईपने उलटी येते, थ्रॉटलच्या अलीकडे, आणि चकतीवर बसते. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आत गोळी वाजायला हवी होती, तो मुका होता. (सगळेच व्हॉल्व्ह वाजणारे नसतात, काहींत पडदा असतो.) नवीन टाकला, थ्रॉटल परत साफ केलं, त्याच डब्यातल्या उरलेल्या स्प्रेने. त्यानंतर पाईप कोरडा आहे आणि आयडल सरळ.

म्हणून आता तीन तारे. द्रावणाबद्दल तक्रार नाही, डब्यावरच्या "आयडलच्या त्रासातून कायमची सुटका" या वाक्याबद्दल आहे. कडं निघतं, कडं का जमलं ते डबा सांगत नाही. आणि उरलेली बोंब नळीची.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी मात्र याच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवू नये. त्यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत नाही, त्यामुळे तिथला कार्बन धुतला जात नाही. चकती लख्ख करूनही थंड इंजिन थरथरत असेल तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दाबाने मारतात ते काम करून घ्या, आणि ते ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच.