किनाऱ्यालगतचं घर की थोडं आतलं?
दोन्ही घरं नवी, स्वतंत्र आणि कमी वीज खाणारी. फरक समुद्रापासूनच्या अंतराचा. लाटांसमोरच्या घरावर वारा सतत, त्यामुळे छतावरचे सोलर पॅनल कमी तापतात. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला त्याची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे हा फायदा खराच. पण खारी हवा एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाते. त्या घरात बाहेरच्या धातूकामाला ३१६ दर्जाचं, म्हणजे खारी हवा बरीच सोसणारं, स्टेनलेस स्टील आणि आयईसी ६१७०१ ही खाऱ्या हवेची चाचणी पार केलेले पॅनल हवेत. जाहिरातीत हे सहसा नसतं, खोदून विचारा. आतल्या घरात गंज कमी, देखावाही कमी. मला विचाराल तर आतलं. जमीन सखल असेल तर मात्र तेही नको.