३० हजारांची शॉर्टफिल्म किट: नागपूरच्या ८ महिन्यांच्या वापरानंतर

फोन घरचाच, बाकी सगळं मिळून ३० हजार रुपये. मार्च ते ऑक्टोबर ही किट एका छोट्या टीमने वापरली. महालातला जुना वाडा, धरमपेठेतला फ्लॅट, अंबाझरीचा परिसर आणि नवतप्यातली (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली) गच्ची, अशा सगळ्या ठिकाणी. पहिल्या आठवड्यात सगळंच चांगलं वाटतं, म्हणून अनुभव एवढ्या उशिरा लिहिला आहे.

आधी हिशेब. आवाजावर १५,८०० रुपये गेले: हातात मावणारा रेकॉर्डर ९,५००, आखूड शॉटगन माइक (समोरचाच आवाज जास्त पकडणारा, नळीसारखा) ४,५००, ६ मीटर वायरचा कॉलर माइक (कपड्याला लावायचा छोटा) १,०००, आणि बूम (माइक नटाच्या वर धरायची काठी) म्हणून रंगाऱ्याचा लांब होणारा दांडा, माइक अडकवायच्या रबरी पाळण्यासकट ८००. उरलेल्यात फ्लुइड हेडचा (कॅमेरा झटका न देता वळवणारा) ट्रायपॉड ६,५००, फोन धरायचा धातूचा क्लॅम्प ९००, क्लिपसह एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कापणारी काच) १,८००, बॅटरीवरचा २० वॉटचा एलईडी ४,५००. थर्माकोलचे पत्रे, गांधीबागेतून आणलेलं काळं कापड, बटर पेपर आणि कपड्यांचे चिमटे मिळून ५००.

निम्म्याहून जास्त पैसा आवाजावर का, असं प्रत्येक जण विचारतो. चित्र थोडं हललं, थोडं काळवंडलं तरी प्रेक्षक ते शैली म्हणून स्वीकारतो. संवाद कळला नाही तर तो फिल्म बंद करतो. आणि आपल्याकडे संवाद वऱ्हाडी असेल तर जास्तच जपावं लागतं. 'काय करून राहिला बे' या वाक्यात नातं सगळं त्या शेवटच्या 'बे'मध्ये आहे. माया आहे की धमकी, ते तिथे कळतं. नेमका तोच शब्द बोलताना आवाज खाली जातो, तोंड वळतं आणि लांबचा माइक तो गिळून टाकतो. मग एडिटमध्ये कितीही वाढवा, 'बे'च्या सोबत पंख्याची घरघरही तेवढीच वाढते.

म्हणून माइक तोंडापासून दीड ते दोन फुटांवर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, वरून छातीकडे रोखलेला. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक दांड्यावरच्या स्वस्त माइकसमोर हरतो तो यामुळेच. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. साधं बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये हलू द्या. ओरडण्याचा प्रसंग असेल तर तालमीत सगळ्यात मोठा आवाज काढायला लावा आणि त्यावर लेव्हल लावा. नट तालमीत हातचं राखून बोलतात आणि खऱ्या टेकला आवाज फाटतो, तेव्हा थोडी जागा वर सोडलेलीच बरी. बूम धरणाऱ्याच्या कानाला हेडफोन हवाच. फक्त लेव्हलचे काटे बघून वाऱ्याची फडफड आणि वायरची खरखर कळत नाही.

कॉलर माइक १,००० रुपयांच्या मानाने उत्तम निघाला, पण तो कपड्याखाली लावणं हे वेगळं काम आहे. कांजी घातलेली सुती साडी सगळ्यात त्रासाची. पदर थोडा सरकला की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो, आणि त्याची वारंवारता बोलण्याइतकीच असल्याने तो काढता येत नाही. उपाय असा: कागदी वैद्यकीय चिकटपट्टीचे दोन तुकडे त्रिकोणी घडी करून घ्या, चिकट बाजू बाहेर. मधे माइक ठेवा. एक त्रिकोण ब्लाउजच्या कापडाला, दुसरा त्वचेला चिकटवा, म्हणजे कापड माइकवर घासत नाही, दोन्ही सोबत हलतात. खाली वायरची एक सैल गाठवजा कडी करून तीही चिकटवा, नाहीतर वायरला बसलेला झटका थेट माइकपर्यंत जातो. एप्रिलनंतर घामाने ही पट्टी अर्ध्या तासात सुटते. त्वचा कोरड्या कापडाने पुसून दर दोन-तीन टेकनंतर नवी लावावी लागते. पट्टीचा एक अख्खा रोल एका दिवसात संपतो, तेव्हा दोन आणा. या प्रकारच्या माइकवर फोन आणि कॅमेरा असा खटका असतो. कॅमेऱ्याच्या बाजूला आत छोटं बटण-सेल वापरलं जातं आणि खटका तसाच राहिला की सेल रात्रीत संपतो. एक जादा सेल पाकिटात असू द्या. रेकॉर्डरला जोडताना पिनही तपासा. फोनची पिन ४ कड्यांची, रेकॉर्डरची ३ कड्यांची असते. ५०-१०० रुपयांचा अडॅप्टर नसेल तर आवाज चिरका येतो किंवा येतच नाही.

मग कूलर. नागपुरात मे महिन्यात आत शूटिंग म्हणजे कूलरशी वाटाघाटी. पंखा बंद केला तरी पंप चालू राहतो, आणि पंपही बंद केला तरी वाळ्याच्या ताट्यांमधून टाकीत थेंब पडत राहतात, दोन-तीन मिनिटं. कानाला ते लागत नाहीत, हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येतात. टाकीत एक जुना टॉवेल तरंगता टाकला की थेंब मुके होतात. टेक ४ मिनिटांपेक्षा लांब ठेवू नका, मधे कूलर पुन्हा लावा, नटांचे चेहरे पुसा. फ्रीज बंद केला की गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊच शकत नाही. प्रत्येक खोलीत सगळे गप्प उभे राहून ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन टेकच्या जोडातली भोकं तीच बुजवते.

जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंती आणि लाकडी छत आवाजाला फार चांगलं. फरशी-टाइलचा रिकामा फ्लॅट त्याच्या नेमका उलट. तिथे कॅमेऱ्याच्या मागे आणि नटाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमबाहेर गोधड्या टांगा, खाली सतरंजी टाका. शॉटगन माइक छोट्या खोलीत अपेक्षेपेक्षा वाईट वागतो, कारण भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या बाजूच्या फटींतून शिरतो. अशा खोलीत कॉलर माइक मुख्य धरा.

आता चित्र. चार-पाच वर्षांतला, ४के रेकॉर्ड करणारा कुठलाही फोन चालतो, पण मुख्य लेन्सच वापरा. रुंद कोनाच्या लेन्सचा सेन्सर लहान असतो, घरातल्या उजेडात चित्र दाणेदार होतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप मोफत आहे, आयफोनवर २०२३ पासून आणि निवडक अँड्रॉइड फोनवर २०२४ पासून. त्यात फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), शटर (एक चित्र किती वेळ उजेड घेतं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), सगळं हाताने बांधून ठेवता येतं. आपल्याकडे २५ फ्रेम आणि शटर १/५० हेच धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० मध्ये बरोबर दोन ठोके बसतात, १/१०० मध्ये एक. १/६० ठेवलं की भिंतीवर काळे पट्टे सरकायला लागतात आणि ते फोनच्या छोट्या पडद्यावर दिसत नाहीत, एडिटला बसल्यावर दिसतात. काही एलईडी दिवे डिम केल्यावर स्वतःच्याच वेगळ्या गतीने लुकलुकतात. म्हणून प्रत्येक दिव्याची १० सेकंदांची चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर बघा.

१/५० वर अडून बसलात की बाहेर एनडी फिल्टर लागतोच. हिशेब सोपा आहे. कडक उन्हात आयएसओ ५० आणि शटर १/५० असेल तर लेन्सचं छिद्र (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६ हवं. फोनचं छिद्र एफ/१.८च्या आसपास कायमचं उघडं. हा फरक ६ स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त, आणि एनडी६४ बरोबर ६ स्टॉप कापतो. फिल्टर नसेल तर फोन शटर १/४००० पर्यंत नेतो आणि चालणाऱ्या माणसाचे हात तुटक दिसतात. फिरवून कमी-जास्त होणारा फिल्टर सोयीचा, पण शेवटच्या टोकाला फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते. टोकाच्या थोडं अलीकडे थांबा आणि नटाला सावलीत घ्या.

उन्हाचं खरं दुखणं फोन तापण्याचं. अनेक फोनच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४५ ला टेकतो. आधी स्क्रीन आपोआप मंद होते, तिला खरी समजून एक्सपोजर वाढवलं की आकाश जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं. त्यानंतर रेकॉर्डिंग मधेच थांबतं. कव्हर काढा, विमान मोड लावा, फोनवर छत्री धरा, चार्जिंग लावून शूट करू नका, दोन शॉटच्या मधे कॅमेरा अ‍ॅप पूर्ण बंद करा. बर्फावर किंवा फ्रीजमध्ये फोन ठेवायचा मोह आवरा, लेन्सच्या आत दव धरतं आणि तासभर चित्र धुरकट येतं. हे सगळं केल्यावर बाहेर एका वेळी १०-१२ मिनिटं निर्धास्त मिळाली. क्लॅम्प धातूचाच घ्या, प्लास्टिकचा उन्हात ढिला पडतो.

प्रकाशाचंही तसंच. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डोळ्यांच्या खोबणी काळ्याशार पडतात. पांढरा थर्माकोल छातीच्या खाली आडवा धरला की डोळे उघडतात, तोही फ्रेमच्या अगदी काठाशी. सोनेरी उजेडासाठी मुंबईच्या वेळा बघू नका, आपला सूर्य जवळपास २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचला खेळ आटोपतो.

घरात २० वॉटचा एलईडी थेट चेहऱ्यावर मारला तर चेहरा सपाट आणि तेलकट दिसतो. दिव्यापासून दोन फुटांवर बटर पेपर ताणून लावा किंवा दिवा भिंतीवर मारा. दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगलं की चेहऱ्याला खोली येते. ५०० रुपयांतल्या या सामानाने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेच नाही. घरचे दिवे बहुतेक ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे असतात, पिवळा दिवा त्यात मिसळलात तर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा हळदीचा. एका खोलीत एकच रंग ठेवा. ४७ वॉट-तासांची बॅटरी पूर्ण उजेडावर कागदोपत्री सव्वादोन तास, प्रत्यक्षात पावणेदोन. बटर पेपर एलईडीलाच, लग्नातला हॅलोजन कागद पेटवतो.

ट्रायपॉडबद्दल तक्रार नाही. मधल्या दांड्याला ५ किलो वाळूची थैली टांगा. गिंबल (चालताना फोन स्थिर ठेवणारा मोटरचा दांडा) घेतला नाही, आणि ८ महिन्यांत एकदाही अडलं नाही.

एडिट डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत, १६ जीबी रॅमच्या संगणकावर. नवीन प्रोजेक्ट उघडल्याबरोबर, क्लिप आत आणण्याआधी, टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ करा. नंतर प्रोजेक्टचा हा आकडा बदलता येत नाही. फोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमधून घेतलेल्या क्लिपचा फ्रेम रेट चढ-उतार करत असतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांवर बसतो आणि शेवटी सरकतो. अशा क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट' (कायम एकसारख्या) २५ वर काढून मगच आणा. चित्र आणि आवाज नंतर जुळवायला प्रत्येक टेकला टाळी वाजवा, टाळीआधी शॉट नंबर मोठ्याने बोला. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी जागा लागते. कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय पुसू नका. श्रेयनामावलीसाठी जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट नको, 'मुक्ता'सारखा युनिकोड फॉन्ट घ्या आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा.

परवानगीबद्दल थोडकंच: मेट्रो आणि रेल्वे स्थानकांत लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका, वायुसेनानगरच्या (हवाई दलाच्या वसाहतीच्या) बाजूला कॅमेरा रोखूच नका, आणि विमानतळ शहरातच असल्याने ड्रोनचा विचार डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघूनच.

पावसाळ्यात जूनपासून सामान स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलं. पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे होतात. माइकचं केसाळ टोपरं एकदा ओलंच डब्यात गेलं आणि त्याला आठ दिवसांत बुरशीचा वास धरला. आता ते वेगळं, पंख्याखाली, दोरीवर वाळतं. रेकॉर्डरमधले सेल शूटिंग संपलं की काढून ठेवतो.