एअर रायफलच्या नादात २,६४,५०० रुपये गेले, निदान तुमचे तरी वाचवा

आकडा आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोण विचारायला नको. १,२०,००० अ‍ॅडव्हान्स, १,०६,००० माल निघायच्या आधी, आणि वर ३८,५०० "कस्टमचे". एकूण २,६४,५००. एवढ्या पैशात घरात आलं काय, तर नव्या स्टॉकमध्ये (म्हणजे दस्त्यात) बसवलेली जुनी रायफल आणि मुदत संपलेला हवेचा सिलिंडर. डीलरचं नाव इथं लिहित नाही, केस चालू आहे, वकिलांनी सक्त सांगितलंय. पण पद्धत सगळी लिहितो, कारण आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता बरीच पोरं नेमबाजीला लागलीत आणि आईबाप माझ्यासारखेच रायफल शोधत फिरताहेत.

लागणारच की. कोल्हापूर आपल्याला जवळ, तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हापासून हे वारं आहेच, आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमधनं ब्राँझ आणल्यावर तर घराघरात विषय झाला. माझी थोरली त्याच्या आधीपासनं १० मीटर एअर रायफल मारत्ये. सुरुवात क्लबच्या रायफलवर झाली, पण एकच रायफल चार पोरांत, प्रत्येकाची उंची वेगळी, गळा वेगळा, बट (खांद्याला टेकतो तो भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) दर वेळी हलवायचा, सेटिंग लागेपर्यंत तिची वेळ संपलेली. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, पेन्सिलीनं टेकवलेल्या टिंबाएवढा. तिथं रोज बदललेल्या सेटिंगवर काय होणार. कोच म्हणाले स्वतःची रायफल घ्या, नाहीतर स्कोअर आहे तिथंच अडकणार.

आता चांगली मॅच रायफल घ्यायची म्हणजे जर्मन नाहीतर ऑस्ट्रियन, आणि ती विकत घेणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी घेतलीय त्यांनाच माहीत. डीलर फोन उचलत नाहीत. उचलला तर माल नाही. कोटेशन मागितलं तर युरोचा भाव सांगतात, कोटेशन आठ दिवसांपुरतं, पैसे मात्र पूर्ण आधी आणि माल कधी येणार याची तारीख कुणीच लिहून देत नाही. एकानं तर तोंडावर सांगितलं, "घ्यायची तर घ्या, मागं लाईन आहे." वॉरंटीचं विचारलं की कंपनीकडं बोट, कंपनीला मेल केला की डीलरकडं बोट. नवी रायफल तीन लाखांच्या वर जात होती, सोसायटीतनं कर्ज काढूनसुद्धा तेवढं जमत नव्हतं. म्हणून सेकंड हँड. यात लोभ कुठला आला सांगा? पोरीला वेळेत रायफल मिळावी एवढंच होतं.

हा डीलर पुण्याकडचा. ओळखीच्याच एका नेमबाजाच्या बापानं नंबर दिला, म्हणजे मी रस्त्यावरनं उचललेला माणूस नव्हता. बोलायला गोड, "सर सर" करून, ट्रिगर, डायऑप्टर (नेम धरायची मागची साइट), पेलेटच्या म्हणजे छर्ऱ्याच्या हेड साइजपर्यंत सगळं पाठ. ४.४९ मिलिमीटर का ४.५० हे ज्याला कळतं तो माणूस या धंद्यातला आहे असंच कुणीही समजणार. म्हणाला २०१९ चं मॉडेल आहे, डेमो पीस, फार वापरलेलं नाही, दोन सिलिंडरसकट २,२६,००० फायनल.

आता खरी गोष्ट ऐका. त्यानं पहिल्यांदा फोटो पाठवले त्यात रायफलला काळा सिलिंडर (यातल्या दाबलेल्या हवेवरच ही रायफल चालते) लावलेला होता आणि शिक्क्याची बाजू खाली. सिलिंडरवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं आणि त्याची मुदत दहा वर्षं, स्पर्धेच्या नियमातच आहे ते, हे कोचनी आधीच कानावर घातलं होतं. मी लगेच लिहिलं, "सिलिंडरच्या तारखेचा फोटो पाठवा." आला फोटो. स्वच्छ, जवळनं काढलेला, २०२१ चा शिक्का. पण तो सिलिंडर चंदेरी होता. काळा नाही, चंदेरी! मी विचारलं सुद्धा, रंग वेगळा कसा? चॅट अजून आहे माझ्याकडं, कुणालाही दाखवतो. त्याचं उत्तर, "सर, दोन सिलिंडर आहेत ना सोबत, एक ब्लॅक एक सिल्व्हर." बस्स. इथंच सगळं होतं. त्या एका ओळीत सगळं होतं. दोन सिलिंडर असणं ही या खेळात रोजची गोष्ट आहे, एक स्पेअर ठेवतातच, त्यामुळं उत्तर चोख बसलं. आता घरातले, मित्र, पाहुणे, सगळे म्हणतात तिथंच कळायला पाहिजे होतं. तुम्ही सांगा, विचारायचं ते विचारलं, उत्तर पटण्यासारखं आलं, यापुढं माणसानं करायचं काय? पुण्याला जाऊन बघायचं म्हटलं तर, "सर, पीस मुंबईला गोडाऊनला आहे."

१,२०,००० एनईएफटीनं गेले. खातं फर्मच्या नावाचं नव्हतं, त्याच्या बायकोच्या नावाचं. "जीएसटीचं लफडं टाळायला" म्हणाला, आणि अर्धी बाजारपेठ असंच करते हे उद्यमबागेत जॉबवर्क करणाऱ्या मला काय नवीन नाही. मग कस्टमचे ३८,५०० यूपीआयवर मागितले. डेमो पीस देशात आहे तर कस्टम कसलं, असं मी विचारलं तर म्हणे डायऑप्टर नवीन मागवलाय, तो विमानतळावर अडकलाय. पोरीची स्पर्धा तोंडावर. दिले.

रायफल आली. बॉक्स चकाचक, अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक नवा कोरा. सिलिंडर एकच, चंदेरी, ठरल्यासारखाच, त्याच्यावर कंपनीचं मोठं स्टिकर. काळा मागनं पाठवतो म्हणाला. संध्याकाळी २०० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरला, सकाळी काटा १४० वर. फोन केला तर, "नवीन सील बसायला वेळ लागतो सर." मी लेथ आणि हायड्रॉलिकच्या कामात आयुष्य घातलंय, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) रोज हाताखालनं जाते, गळकी ओ-रिंग आपोआप "बसत" नाही हे मला ठाऊक आहे, ते मी त्याला सुनावलं पण. सर्व्हिस किट कुरियर करतो म्हणाला. ते आजतागायत आलेलं नाही.

आणि मग स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर. तिथल्या बाईंनी सिलिंडर फिरवला, तारीख दिसेना, मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं स्टिकरचा कोपरा उचलला आणि हळूहळू सोलला. खाली २०१०. डिंकाच्या चिकट थरातनं ते चार आकडे दिसत होते आणि पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. सिलिंडर बाद. दुसऱ्या क्लबच्या एका मुलानं आपला स्पेअर दिला, तो थ्रेडला बसला म्हणून ती उभी तरी राहिली, पण मन ठिकाणावर कुठलं. स्कोअर लिहित नाही इथं.

पैशापेक्षा मला संताप याचा येतो. ट्रकच्या टायरात आठ बारच्या आसपास हवा असते. इथं २०० बार, मुदत संपून गेलेल्या नळकांड्यात, माझ्या पोरीच्या हातापासनं वीतभर अंतरावर, घरात, रोज. त्या माणसानं स्टिकर चिकटवताना तो आकडा बघितला होता. बघूनच चिकटवला.

सिरियल नंबर घेऊन जर्मन कंपनीला मेल केला. उत्तर दोन ओळींचं: बॅरल आणि अ‍ॅक्शन (नळी आणि मारा करणारी मुख्य यंत्रणा) २०१० ची, भारताबाहेर एका क्लबला गेलेली, बाकीसाठी आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेत्याशी! अहो त्याच्याबद्दलच तर लिहिलंय. आमच्या रायफलीचा स्टॉक कुठला, बाकी पार्ट कुठले, नंबर भारतात कसा आला, कशातच त्यांना रस नाही. लाखांची वस्तू विकणाऱ्या कंपन्यांनी सिरियल नंबर टाकून वर्ष बघायची साधी सोय सगळ्यांसाठी उघडी ठेवायला काय हरकत आहे? भारतातल्या अधिकृत माणसाला विचारलं तर तो म्हणाला आमच्याकडनं घेतली नाही तर आम्ही हात लावणार नाही. नवा सिलिंडर मात्र २६,००० ला द्यायला तयार.

आता पोलिसांचं. आमच्या ठाण्यात गेलो, "रायफल" शब्द तोंडातनं निघाला आणि समोरच्याचा सूरच बदलला. लायसन कुठंय? कुणाच्या नावावर? तक्रार करायला आलेला मी, आणि उत्तरं द्यायला लागलोय आरोपीसारखी. सांगितलं की ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या (माऱ्याच्या ताकदीचं माप) आतल्या एअर रायफलीला लायसन लागत नाही, २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आहे, आणि ही मॅच रायफल तर ७.५ ज्यूलच्या आतली, पंचकोनात एफ असा जर्मन शिक्काच आहे तिच्यावर. प्रिंट नेली होती. बघितली नाही. साहेब नाहीत, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. उद्या गेलं की बंदोबस्त. परवा गेलं की अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. लिहून नेला, मला कन्नड येतं, त्यात कमीपणा काय नाही. मग म्हणे, वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हे सिव्हिल मॅटर. खोटी तारीख दाखवून, शिक्का झाकून विकलेली वस्तू "मिळाली" म्हणून फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी ठेवलंय? मग शेवटचा बाण: विकणारा महाराष्ट्रातला, तिकडं जावा. तिकडं फोन केला तर, तक्रारदार कर्नाटकातला, पैसे बेळगावातनं गेले, तिकडंच करा. सीमाभागातल्या माणसानं आयुष्यभर हेच ऐकायचं. कागदाला इकडचे, कामाला तिकडचे, आणि गरज पडली की कुणाचेच नाही. कोगनोळी टोलनाका ओलांडला की गुन्हा विरघळतो काय? १ जुलै २०२४ पासनं नवीन कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे मी त्यांना सांगायचं, ते मला सांगायच्या ऐवजी. बँकेचं तर एकच, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी फोन केला तोवर पैसे खात्यातनं केव्हाच पुढं गेलेले. तुम्हाला संशय आला तर त्याच तासाला करा, ठाण्याची वाट बघू नका, पैसा खात्यात असेपर्यंतच तो गोठवता येतो.

शेवटी ग्राहक आयोग. हे मात्र कुणीच सांगत नाही, म्हणून नीट वाचा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा पुण्याचा असो नाहीतर दिल्लीचा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मी बेळगावात केलीय. पहिली नोटीस "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली, आता दुसरा पत्ता दिलाय, त्याच्या बायकोच्या बँक खात्यावरनं काढलेला.

घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर रायफल हातात धरायला लावा, सिलिंडर लावलेला असताना फिरवून शिक्का आणि त्याच फ्रेममध्ये अ‍ॅक्शनवरचा सिरियल नंबर. सुटा फोटो घेऊ नका. इम्पोर्टेड म्हणाला की बिल ऑफ एंट्रीची (माल आयात केल्याचा कस्टमचा कागद) कॉपी मागा, कस्टम ड्युटी चलनानं भरतात, कुणाच्या यूपीआयवर नाही. पैसे फर्मच्या खात्यावरच. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, "एस्टिमेट" लिहिलेला कागद बिल नव्हे. स्टिकर दिसलं की सोला, डीलरसमोरच. आणि जुना सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी भरू नका, पोरांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

एक विनंती. अशीच नव्या अ‍ॅल्युमिनियम स्टॉकमधली, २०१९ चं मॉडेल म्हणून विकलेली रायफल कोल्हापूर, सांगली किंवा आपल्या भागात कुणी घेतली असेल, तर आधी अ‍ॅक्शनवरचा नंबर कंपनीकडनं तपासून घ्या. जुनी निघाली तर पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवा आणि तुमच्या जिल्ह्याच्या आयोगात वेगळी तक्रार टाका. एकट्या माणसाची ती "सिव्हिल मॅटर" होते, तिघाचौघांच्या तक्रारींवर एकच बँक खातं दिसलं की मग बघू ते कुठल्या हद्दीत ढकलतात.